दादर दहावं

भाची घणसोलीहून ठाण्याला राहायला आली की आधी माझं जेवणाचं टेबल ताब्यात घेते. परवा दुपारी ताटं उचलली जायच्या आत तिथे लॅपटॉप उघडला होता. पायथन या संगणकाच्या भाषेचा अभ्यास. ठाणे ते वाशी लोकलची स्टेशनं क्रमांक घालून एकाखाली एक छापायची, एवढंच. तिने प्रत्येक नावासाठी वेगळी प्रिंटची ओळ लिहून काम उरकलं होतं, आणि कॉलेजातल्या मॅडमनी लाल शाईत शेरा दिला होता, 'ॲरे आणि लूप वापरा.' म्हणजे नावं एका यादीत ठेवा आणि छापायची ओळ एकदाच लिहून ती यादीभर फिरवा.

"मावशी, उत्तर तेच येतंय ना? मग?"

मला तिचं अगदी पटलं. हातापायाच्या बोटांत मावणाऱ्या यादीला कशाला हवाय लूप? पण मार्क मॅडमच्या हातात. तिने कुरकुरत नावं चौकोनी कंसात भरली (पायथनवाले त्याला लिस्ट म्हणतात, शिकवणारे बिनदिक्कत ॲरे म्हणतात), खाली दोन ओळींचा फॉर लूप लिहिला आणि चालवला. ० ठाणे, १ ऐरोली, २ रबाळे, ३ घणसोली, असं करत ७ वाशी.

"ठाणे शून्य? आपलं ठाणे?"

ठाणेकराच्या नातीला हे लागणारच. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती आमच्याकडे यायला, हे आमच्या घरात पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात.

मला मात्र ते शून्य ओळखीचं वाटलं. लहानपणी आजोबा आम्हाला स्लो लोकलने दादरला न्यायचे. खिडकी धाकट्या भावाची, कारण तो रडायचा. गाडी हलली की आजोबा डोळे मिटत आणि विचारत, "दादर कितवं?" भाऊ बोटं उघडून सुरू करायचा, "ठाणे एक, मुलुंड दोन..." की आजोबा तसेच मिटल्या डोळ्यांनी म्हणत, "चढलो ते स्टेशन मोजायचं नाही." मग पुन्हा पहिल्यापासून. मुलुंड, भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा, दादर. दादर दहावं. माटुंग्याचं वर्कशॉप दिसलं की उठून दाराकडे सरकायचं. भाऊ हटकून कुर्ल्यालाच उठायचा आणि आजोबा न बघता त्याची कॉलर धरून खाली बसवायचे. एवढ्या गर्दीत, डोळे मिटून, त्यांना स्टेशन कसं कळायचं हे मी त्यांना कधी विचारलं नाही. बहुधा ब्रेकच्या आवाजावरून. किंवा घाटकोपरच्या रेट्यावरून, तो तर झोपेतही कळतो.

भाचीला मी हेच सांगितलं. तो आकडा म्हणजे नंबर नव्हे, सुरुवातीपासून किती पुढे गेलो ते. सी नावाच्या संगणकाच्या भाषेत ॲरेचा आकडा असाच चालतो, मेमरीतल्या पहिल्या घरापासून किती घरं पुढे. पहिल्या घरासाठी कुठे जायचंच नाही, म्हणून शून्य. सगळ्यांना हे मान्य होतं असंही नाही. १९५७ च्या फोरट्रान या भाषेत मोजणी एकपासून व्हायची. पुढे १९८२ मध्ये डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने शून्यापासूनच का मोजावं यावर स्वतःच्या हस्ताक्षरात एक टिपण लिहिलं. विद्वान माणूस एवढ्याशा गोष्टीवर हटून बसलेला पाहिला की मला बरं वाटतं. आमचे आजोबा त्याच पंथाचे.

"पण मावशी, यात दिघा कुठंय?"

खरंच नव्हतं. प्रश्नपत्रिका जुनी असावी. दिघा गाव स्टेशन सुरू झालं जानेवारी २०२४ मध्ये, ठाणे आणि ऐरोलीच्या मधोमध. तिने आधीची, हाताने आकडे घातलेली फाईल उघडली, ऐरोलीपासून वाशीपर्यंत प्रत्येक आकडा खोडावा लागणार हे बघितलं, आणि गुपचूप बंद केली. लिस्टमध्ये ठाण्यानंतर एक नाव घुसवलं, लूपला हातही लावला नाही. वाशी आपोआप आठवं. मॅडमचं म्हणणं तिला तिथे पटलं असावं, पण तसं म्हणेल तर माझ्या बहिणीची मुलगी कसली. वर तिने मुद्दाम नववं स्टेशन मागून पाहिलं. इंडेक्स एरर, म्हणजे त्या आकड्यावर यादीत काहीच नाही. "वाशीच्या पुढे जात नाही," म्हणाली आणि फ्रिज उघडायला गेली.

मी आपली नाहूरपाशी अडकले. आमच्या लहानपणी नाहूर स्टेशन नव्हतंच, ते मागाहून मुलुंड आणि भांडुपच्या मध्ये आलं. म्हणजे दादर आता अकरावं. मी म्हणून पाहिलं, दादर अकरावं, पण जीभ वळेना. कधी स्लो गाडीत बसलेच तर नाहूरला चढणाऱ्या माणसांकडे मी अजून थोडी संशयाने बघते, त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष. तसंही मी हल्ली फास्टच पकडते. ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर. कधी मुलुंडलाही थांबते, कधी नाही. मोजत कोण बसतंय?