आईचा रिपोर्ट आणि रविवारचं चिकन

सकाळी आईच्या लघवीचा कल्चर रिपोर्ट हातात आला. जंतू ई. कोलाय. खाली औषधांची ही भली रांग आणि बहुतेकांपुढे आर, आर, आर. म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा. गोळ्यांचा विषय संपला, आता इंजेक्शनं. आई म्हणते, "मी कुठं एवढी औषधं खाल्लीत रं?" (ताप आला की मेडिकलमधून दोन गोळ्या आणून देणारा मीच. गप्प बसलो.)

येताना सवयीनं चिकनच्या दुकानात थांबलो आणि कोलिस्टिन आठवलं. माणसांसाठी अगदी शेवटी राखून ठेवायचं औषध, ते कोंबड्या लवकर भराव्यात म्हणून खाद्यातून दिलं जायचं! २०१५ मध्ये चीनमध्ये जंतूला कोलिस्टिनपासून वाचवणारं एमसीआर-१ जनुक डुकरांतल्या, दुकानातल्या मांसातल्या आणि रुग्णांतल्याही जंतूंत सापडलं. हे जनुक एका जंतूतून दुसऱ्यात जातं, हे जास्त वाईट. आपल्याकडं जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली २०१९ ला.

रस्सा रटरटला की जंतू मरतात. घोळ असतो तो कच्च्या मांसाच्या सुरीत, त्याच पाटावर कांदा-लिंबू चिरण्यात. आज कांद्याला वेगळी विळी काढली. आतून आईचा आवाज, "तांबडा झाला का रं?"