आमची वाटचाल : सकाळचं रीडिंग, दुपारचं रीडिंग

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात पाहुण्याला दाखवावं असं फारसं काही नाही. एक फ्यूम हूड, दोन व्हॅक्यूम ओव्हन, पाणी फिरवणारा थर्मोस्टॅट बाथ आणि काचेच्या रिंगांनी भरलेली दोन कपाटं. आवाज नाही, धूर नाही. शेजारच्या प्रेस शॉपवाल्यांना अजून वाटतं की गाळा बंदच असतो. इथे सेन्सरचे मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदे, ओतले जातात.

सुरुवात पोटॅशियम मोजणाऱ्या इलेक्ट्रोडपासून झाली आणि तीही द्राक्षांमुळे; वेलीला पोटॅशियम किती मिळतंय ते पानदेठावरून कळतं. खरड छाटणीनंतर दीड महिन्याने पानदेठ तपासायचा म्हणजे मे संपत आलेला असतो, पारा चाळिशीच्या आसपास. गोडी छाटणीनंतर फुलोऱ्यात तपासायचा म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. निफाडकडे सकाळी पारा १० च्या खाली. मीटर तोच, इलेक्ट्रोड तोच. बाहेरून येणारा माल २५ अंशांच्या एसी खोलीत तपासून येई आणि तसाच विकला जाई.

पीव्हीसी मेम्ब्रेनची कृती लपवण्यासारखी नाही. ३०० मिलिग्रॅमच्या घाण्याला ९८ मिलिग्रॅम जास्त रेणुभाराचं पीव्हीसी, मऊपणासाठी १९८ मिलिग्रॅम डायऑक्टाइल सेबॅकेट, पोटॅशियम पकडणारं ३ मिलिग्रॅम व्हॅलिनोमायसिन आणि ०.६ मिलिग्रॅम पोटॅशियमचं बोरेट क्षार, म्हणजे व्हॅलिनोमायसिनच्या रेणूंच्या निम्म्याहून थोडं कमी. सगळं ३ मिलि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या द्रावकात विरघळवून ३६ मिमी आतल्या व्यासाच्या रिंगमध्ये ओतायचं, वाळल्यावर ०.२८ मिमीच्या आसपास जाडी मिळते. पाइपाच्या ग्रेडचं पीव्हीसी वापरू नका, त्यातले स्टॅबिलायझर पुढे हळूहळू पाण्यात उतरतात.

खरी कारागिरी रिंगमध्ये आहे. तळ सपाट नसेल तर द्रावण खालून झिरपतं आणि मेम्ब्रेन एका बाजूला पातळ होतो. म्हणून प्रत्येक रिंग काचेवर ६०० नंबरच्या कार्बोरंडमने ओली घासायची, तळ सगळीकडे सारखा दुधी दिसेपर्यंत. वर फिल्टर पेपरची चळत आणि त्यावर वजन. टीएचएफ ६६ अंशांना उकळतं, उघडं राहिलं तर भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. मग मेम्ब्रेन पांढुरका होतो, त्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. २४ ते ४८ तास सावकाश वाळू द्यायचं. तुकडे मधल्या भागातूनच, ७ मिमीच्या कॉर्क बोररने. कडेला द्रावण काचेवर चढतं आणि जाडी वाढते. पीव्हीसी नळीच्या तोंडावर चिकटवताना टीएचएफचा एकच थेंब. दोन लावले तर मेम्ब्रेनच विरघळतो.

असा इलेक्ट्रोड तयार झाला तरी तापमान पाठ सोडत नाही. नर्न्स्टचा उतार, म्हणजे पोटॅशियम दहापट झालं की वाढणारे मिलिव्होल्ट, १० अंशांना ५६.२, २५ ला ५९.२, ४० ला ६२.१. मीटर एवढं सुधारतो, पण तुलनेसाठी लावलेल्या रेफरन्स इलेक्ट्रोडचं पोटेन्शियल आणि मेम्ब्रेनचा शून्यही तापमानाबरोबर सरकतो, त्याचं काय? एक मिलिव्होल्ट चुकला की पोटॅशियम सुमारे ४ टक्क्यांनी चुकतं. त्यात कोणी रेफरन्सच्या बाहेरच्या कप्प्यात पोटॅशियम क्लोराइड भरलं असेल तर तेच झिरपून नमुन्यात येतं. तिथे लिथियम ॲसिटेट भरा.

हे सगळं आम्हाला शिकवलं पिंपळगाव बसवंतच्या एका देठ तपासणीच्या लॅबने. ती लॅब नानांची, नाना आमचे पहिले गिऱ्हाईक. लॅबमध्ये पोटॅशियम मोजणारा फ्लेम फोटोमीटर होता, तरी देठाच्या रसावर झटपट आकडा हवा म्हणून आमचे इलेक्ट्रोड घ्यायचे. एकदा पूर्ण डबा परत आणला आणि म्हणाले, ‘मशीनचं जाऊ द्या. सकाळचं रीडिंग खरं का दुपारचं, तेवढं सांगा.’ उत्तर नव्हतं. तेव्हापासून प्रमाणित द्रावणं आणि नमुना दोन्ही एकाच पाण्याच्या टोपात अर्धा तास ठेवून मगच मोजायचं हा त्यांच्या लॅबचा नियम झाला आणि आमच्या डब्यावरची सूचना.

मधल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माल जात होता, पैसे येत होते.

मग ग्लुकोजचं काम आलं. एका यंत्र बनवणाऱ्याला वायनरींसाठी ग्लुकोज मीटर काढायचा होता. प्लॅटिनमवर ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमचा थर, त्यावर आमचा पॉलियुरेथेनचा बाहेरचा मेम्ब्रेन. एन्झाइम ऑक्सिजन वापरून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, ते ०.६ व्होल्टवर मोजायचं. बाहेरच्या मेम्ब्रेनचं काम ग्लुकोज मोजूनमापून आत सोडणं आणि ऑक्सिजनला मोकळी वाट देणं. हवेने भरलेल्या पाण्यातही २५ अंशांना ऑक्सिजन लिटरला ८.३ मिलिग्रॅमच, ४० ला ६.४, द्राक्षरसात ग्लुकोज शंभर ग्रॅमच्या घरात. रस पातळ करूनही मेम्ब्रेनने ग्लुकोज अडवलं नाही तर सेन्सर ग्लुकोज मोजतच नाही, ऑक्सिजन मोजतो.

ऑर्डर मोठी होती. दुसरा ओव्हन तिच्याच भरवशावर कर्ज काढून घेतला. जानेवारी ते मार्चच्या तोडणीत मीटर वायनरींत गेले आणि एप्रिलमध्ये सगळा लॉट परत आला. टाकीतून काढलेल्या गार नमुन्याला कमी, लॅबच्या टेबलावर तासभर राहिलेल्या त्याच नमुन्याला जवळजवळ दुप्पट.

दोष तीन होते आणि तिन्ही आमच्या नावावर मांडले गेले. पहिला, तापमान मोजणारा थर्मिस्टर मीटरच्या मुठीत बसवला होता, मेम्ब्रेनपाशी नाही. तो हाताची ऊब मोजत होता. दुसरा, फर्मेंटेशन संपत आलं की यीस्टने ग्लुकोज आधी खाल्लेलं असतं, उरते ती बहुतांशी फ्रुक्टोज, आणि ती ग्लुकोज ऑक्सिडेजला दिसत नाही. वायनरीवाले ‘साखर शिल्लक असताना शून्य दाखवतो’ म्हणाले तर त्यात मेम्ब्रेनचा काय संबंध? उलट वाइनमधलं मुक्त सल्फर डायऑक्साइड त्याच ०.६ व्होल्टवर जळून खोटा करंट देतं, म्हणून आत सेल्युलोज ॲसिटेटचा थर हवा. तो द्यायचा नाही असं यंत्रवाल्यांनीच खर्चापायी ठरवलं होतं.

तिसरा दोष मात्र आमचा. साध्या हायड्रोफिलिक पॉलियुरेथेनमधून जाणारं ग्लुकोज दर अंशाला ३ ते ४ टक्क्यांनी वाढतं. मीटरमध्ये तापमानाच्या दुरुस्तीसाठी ३ टक्क्यांचा एकच गुणक होता. १५ ते ३५ अंश म्हणजे २० अंश, आणि हा हिशेब चक्रवाढीचा: ३ टक्क्यांनी १.८ पट, ४ टक्क्यांनी २.२ पट. आमचा एक लॉट ३ चा निघे, पुढचा ४ चा. कारण पॉलियुरेथेनच्या कच्च्या मालातलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल. ते हवेतलं पाणी ओढतं, पाणी दुसरा कच्चा माल, आयसोसायनेट, खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, साखळ्या आखूड राहतात, पाणी धरण्याचं प्रमाण लॉटगणिक बदलतं. व्हॅक्यूममध्ये ९० अंशांना ४ तास वाळवायचं हे माहीत होतं. घाईत तेच कापलं गेलं. टीएचएफची बाटली किती दिवस उघडी होती याची नोंदही नव्हती, आणि जुन्या टीएचएफमध्ये पेरॉक्साइड धरतं, जे पेरॉक्साइड मोजणाऱ्या सेन्सरला मुळीच चालत नाही.

चूक कबूल केली, नवीन लॉट देऊ केला. पण अडकलं ते संपूर्ण लॉटचं पेमेंट. लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा २००६ पासून आहे. तो दाखवायला गेलं की पुढची ऑर्डर जाते. आमची तशीही गेली. बाहेरच्या एका पुरवठादाराने निम्म्या भावात मेम्ब्रेन दिले. सोबतच्या सर्टिफिकेटवर तापमान एकच, २५ अंश. सुबक छापलेलं होतं, याबद्दल वाद नाही. त्या वर्षी दोन्ही ओव्हन विकायची बोलणी झाली होती. नानांनी दोन हंगामांच्या इलेक्ट्रोडचे पैसे आगाऊ दिले म्हणून बोलणी तिथेच थांबली.

गुणकाच्या मागे लागणं सोडलं ते तेव्हापासून. तापमान मेम्ब्रेननेच झेलायला हवं. उष्णता वाढली की पॉलिमरमधून रेणू वेगाने सरकतात. पण मेम्ब्रेनमधला पॉलिइथर पाण्याला धरून ठेवतो ते हायड्रोजन बंधांनी, आणि तेही उष्णतेने सुटतात. मेम्ब्रेन थोडं पाणी बाहेर टाकतो, वाटा अरुंद होतात. हे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध लावायचे. निव्वळ इथिलीन ऑक्साइडची साखळी २० ते ४० अंशांत पुरेसं पाणी सोडत नाही. प्रोपिलीन ऑक्साइड मिसळलेलं पॉलिइथर डायअमाइन घेतलं की हा प्रकार कामाच्या तापमानात येतो. त्याच्या सरळ साखळीच्या पॉलियुरियात फांद्या असलेलं ॲक्रिलेट पॉलिमर मिसळायचं, ज्यात ऑक्सिजनसाठी सिलोक्सेन असतं. पॉलियुरिया जास्त झाला तर गारठ्यात मेम्ब्रेन फुगून प्लॅटिनमवरून सुटतो. ॲक्रिलेट जास्त झालं तर सेन्सर मंद होतो. मिश्रण टीएचएफमध्ये रात्रभर ठेवून सकाळी उजेडापुढे धरायचं. धुरकट दिसलं तर दोघांचं जमलेलं नाही, ओतू नये.

या मिश्रणाचं पटल डॉक्टर ब्लेडने, म्हणजे ठरावीक फट ठेवून फिरवलेल्या पात्याने ओढतो. २०० मायक्रॉनची फट, ५ टक्के द्रावण. ओला थर फटीच्या जेमतेम ६० टक्के उतरतो, म्हणून वाळून ५ ते ६ मायक्रॉन उरतात. ब्लेडची धार आठवड्याला भिंगाखाली बघा. एक चरा पडला की पटलभर रेघ जाते, आणि तिथून ग्लुकोज मोकाट आत शिरतं.

तपासणी २२, ३१ आणि ४० अंशांना, आधी चढत मग उतरत. प्रत्येक पायरीवर ४० मिनिटं थांबायचं, कारण करंट स्थिर दिसला तरी पाण्याची आत-बाहेर मागून चालू असते. उतरताना आकडा जुळला नाही तर लॉट बाद. दर अंशाला २ टक्क्यांच्या आत असेल तरच बाहेर जातो. तिन्ही तापमानांचे आकडे हाताने लिहिलेलं कार्ड प्रत्येक डब्यात असतं.

दोन हंगामांनी त्याच यंत्रवाल्यांचा फोन आला. माल दिला, पैसे आधी घेतले. थर्मिस्टर अजून मुठीतच आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये ऑर्डर देणार असाल तर आठ दिवस जास्त धरा. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय रिंग ओतली जात नाही, आणि पावसात आमचा डीह्युमिडिफायर तिथवर यायला कधी कधी दुपार करतो.