क्लास सुरू झाला की ब्लूटूथ हेडसेटचा आवाज का बसतो?

टॅबला ब्लूटूथ हेडसेट जोडला, गाणं लावलं, आवाज झकास. मग ऑनलाइन क्लास सुरू झाला आणि तोच आवाज डब्यातून बोलल्यासारखा यायला लागला. इथे बरेच जण हेडसेट खराब निघाला असं समजून तो परत करतात. कृपया करू नका, हेडसेट चांगलाच आहे.

ब्लूटूथवर आवाज दोन वाटांनी जातो. गाण्यांची वाट ए२डीपी. ती एकतर्फी आणि स्टिरिओ, बहुतेक वेळा सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची (नमुना म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप). बोलण्याची वाट एचएफपी. ती दुतर्फी, पण मोनो, आणि बहुतेक वेळा सेकंदाला ८,००० नाहीतर १६,००० नमुन्यांची. ८,००० नमुन्यांत त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच मावत नाही, आणि ‘स’चा सुस्कारा मुख्यतः तिथेच वर असतो. म्हणून शिक्षकांचा ‘स’ कोणता नि ‘फ’ कोणता ते कळेनासं होतं. ॲपने हेडसेटचा माइक उघडला की टॅब दुसऱ्या वाटेवर जातो. तुम्ही म्यूट केलंत तरी बऱ्याच ॲप्समध्ये माइकची वाट उघडीच राहते, त्यामुळे आवाज सुधारत नाही.

उपाय आधी सेटिंगमध्ये करून बघा. अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या यादीत हेडसेटच्या नावापुढच्या चाकावर टॅप करा. तिथे ‘फोन कॉल’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ अशी दोन बटणं दिसतील. त्यातलं कॉलचं बंद करा. आता बोलणं टॅबच्याच माइकमधून जाईल. काही ॲप्स मात्र यानंतर आवाज थेट टॅबच्या स्पीकरवर काढतात. तसं झालं तर बटण पुन्हा चालू करा, त्या ॲपपुढे इलाज नाही. रोज दोन-तीन तास शिकवणाऱ्याने किंवा शिकणाऱ्याने सरळ माइक असलेला यूएसबी-सी वायरचा हेडसेट घ्यावा. त्यात माइक चालू असतानाही आवाज पूर्ण राहतो. जुना ३.५ मिमी पिनचा हेडसेट वापरायचा असेल तर डॅक (डिजिटल आवाज वायरच्या हेडसेटला चालेल असा बदलणारी चिप) असलेला ॲडॉप्टर मागून घ्या. बिनडॅकचे स्वस्त ॲडॉप्टर सगळ्या टॅबवर चालत नाहीत.

एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत ही अडचण बरीच सुटते, पण टॅब आणि हेडसेट दोन्हींत ती हवी. खोक्यावर ‘ब्लूटूथ ५.२’ छापलंय म्हणजे ती असेलच असं नाही. विकत घेताना एलई ऑडिओ हेच नाव शोधा.

जोडणी होत नसेल तर पहिला संशय फोनवर घ्या. हेडसेट चालू झाला की आधीच्या ओळखीच्या फोनला जाऊन चिकटतो. फोनचं ब्लूटूथ बंद करा, हेडसेट बंद करा आणि मग बटण ५ ते ७ सेकंद दाबून धरा. दिवा लाल-निळा आळीपाळीने लुकलुकला की सोडा (काही मॉडेलमध्ये नुसता निळा भराभर लुकलुकतो). बटण लवकर सोडलं तर हेडसेट नुसता चालू होतो, नव्या टॅबला दिसत नाही. पिन मागितला तर ०००० टाका. यादीत नाव आहे पण जोडत नाही, अशा वेळी टॅबवर ‘विसरा’ करा आणि हेडसेटही रिसेट करा. जोडणीची किल्ली दोन्हीकडे साठवलेली असते. एकीकडूनच पुसली तर कुलूप तसंच राहतं.

आवाज तुटत असेल तर टॅब ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर न्या, कारण ब्लूटूथ आणि जुनं वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवरच गर्दी करतात. टॅब पाठीमागच्या सॅकमध्ये ठेवू नका, आपलं शरीर हे तरंग शोषतं.

रियाज करणाऱ्यांसाठी थोडं जास्त. साध्या एसबीसी कोडेकवर (आवाज दाबून पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीवर) आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा कानात पोचतो. तबल्याच्या ॲपबरोबर नुसतं गाताना हे जाणवणार नाही, कारण तुम्ही ऐकू येणाऱ्या ठेक्यावरच गाता. पण त्याच टॅबवर ठेक्यासोबत गाणं रेकॉर्ड केलंत, तर तुमचा आवाज तेवढाच मागे नोंदला जातो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर २०० मिलिसेकंद म्हणजे मात्रेचे दोन पंचमांश. समेवर अचूक आलेला गायकही रेकॉर्डिंगमध्ये बेताल वाटतो. तिथे वायरचाच हेडफोन लावा. ब्लूटूथवर झालेलं रेकॉर्डिंग असेल तर एडिटरमध्ये आवाजाचा ट्रॅक आधीच्या बाजूला, म्हणजे डावीकडे सरकवून टाळी सम जुळवून घ्या.