मदरबोर्ड निवडताना अडलो ते एका तळटीपेपाशी

नव्या संगणकासाठी एएमडीचा रायझेन ७ ७८००एक्स३डी हा प्रोसेसर ठरला, तेव्हाच एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) आणि डीडीआर५ रॅम हेही ओघाने ठरले. प्रश्न उरला तो एवढाच, की बी६५० चिपसेटचा (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप) साधा मदरबोर्ड घ्यावा की त्याच कंपनीचा महागडा एक्स६७०ई.

व्हीआरएमच्या, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाच्या, फेजांच्या (टप्प्यांच्या) आकड्यांनी मी फारसा भुललो नाही, कारण १२० वॉट टीडीपीच्या (उष्णतेचा अंदाज देणारा आकडा) या प्रोसेसरला बरा हीटसिंक असलेला साधा व्हीआरएमही पुरतो. मी अडलो ते एम.२ स्लॉटपाशी, म्हणजे एसएसडी बसवायच्या खाचेपाशी. मला दोन एसएसडी (वेगवान साठवणुकीची साधने) लावायच्या होत्या. या प्रोसेसरकडून ग्राफिक्स कार्डाला १६ आणि एम.२साठी ८ पीसीआयई लेन (माहिती वाहून नेणाऱ्या वाटा) मिळतात. काही महागड्या बोर्डांवर मात्र जास्तीच्या वेगवान एम.२ स्लॉटसाठी ग्राफिक्सच्याच लेन वळवल्या जातात आणि तिथे एसएसडी बसवताच ग्राफिक्स कार्ड ८ लेनवर येते. या एक्स६७०ई बोर्डावर तसे होते का, आणि होत असल्यास कोणत्या स्लॉटमुळे, एवढेच मला हवे होते. कंपनीच्या पानावर रोषणाईचे रंग तपशीलवार दिले होते, पण याविषयी अक्षरही नव्हते. ग्राहक सेवेला विचारले, तर बऱ्याच प्रतीक्षेनंतर त्याच पानाचा दुवा उत्तरादाखल आला. पुन्हा, अधिक स्पष्ट विचारल्यावर 'आपल्या गरजेनुसार निवड करावी' असा सल्ला मिळाला! उत्तर अखेर सापडले ते मॅन्युअलमध्ये, एका तक्त्याखालच्या बारीक टाइपातील तळटीपेत: दुसरा एम.२ स्लॉट वापरल्यास ग्राफिक्सचा स्लॉट ८ लेनवर चालेल. म्हणून मॅन्युअल खरेदीआधीच उतरवून घ्यावे आणि तळटीपा आधी वाचाव्यात. ८ लेनवर खेळात पडणारा फरक बहुधा किरकोळच असतो, हे मान्य. परंतु जास्त पैसे मोजणाऱ्याला ही गोष्ट शोधावी लागू नये.

मी बी६५० घेतला आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घातले, याचे समाधान आजही आहे. ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची, सोय या चिपसेटमध्येही असते. इंटेलच्या बाजूला मात्र प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकिंगसाठी बी७६० चालत नाही, झेड७९०सारखा वरचा चिपसेट लागतो. ज्यांना अनेक वेगवान एसएसडी, भरपूर यूएसबी किंवा बिघाडाचा कोड दाखवणारा छोटा पडदा खरोखर हवा आहे, त्यांनी महागडा बोर्ड जरूर घ्यावा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: बोर्डावर बायोस (बोर्ड सुरू करणारी मूळ प्रणाली) फ्लॅशबॅकचे बटण आहे ना, ते पाहावे, कारण जुन्या बायोसचा बी६५० बोर्ड २०२४ मध्ये आलेले रायझेन ९००० मालिकेतील प्रोसेसर ओळखत नाही आणि या बटणामुळे प्रोसेसर न चालवताही बायोस अद्ययावत करता येतो. पहिल्यांदा सुरू करताना मेमरी ट्रेनिंगमुळे (रॅम जुळवून घेण्याच्या क्रियेमुळे) पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. तेवढ्यात वीज बंद करू नये.