अंबडच्या कारखान्यात आयटी सेवेचे मोजमाप: माझा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी आयटी विभागाचे काम पाहतो. सातपूर आणि सिन्नर येथेही आमचे विभाग असून तिन्ही ठिकाणच्या संगणक, प्रिंटर, नेटवर्क आणि ईआरपीच्या (कारखान्याचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) तक्रारी एकाच हेल्पडेस्कवर येतात. आयटी सेवेत सातत्याने सुधारणा व्हावी आणि ती आकड्यांत दाखवता यावी, असे व्यवस्थापनाने ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. पद्धत शोधत बसण्याची गरज नव्हती. २०१९ साली आलेल्या आयटीआयएल ४ या आयटी सेवा व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक चौकटीत सुधारणेच्या सात पायऱ्या दिलेल्या आहेत. त्यांतली दुसरी, म्हणजे आज आपण नेमके कुठे आहोत हे ठरवण्याची पायरी, कागदावर सोपी दिसते. आमचा सर्वाधिक वेळ तिथेच गेला.

तक्रार किती वेळात सुटली हे मोजायचे, तर घड्याळ कधी सुरू होते आणि कधी थांबते हे आधी ठरवावे लागते. आमच्याकडे रात्रपाळीचा सुपरवायझर इंजिनिअरला फोन करी आणि तिकीट, म्हणजे तक्रारीची संगणकातली नोंद, मात्र सकाळी कोणीतरी करी, त्यामुळे रात्रीचे तास हिशेबातच येत नसत. दुसरी गंमत 'वापरकर्त्याच्या उत्तराची प्रतीक्षा' या स्थितीची होती. तिकीट त्या स्थितीत टाकले की सॉफ्टवेअर घड्याळ थांबवते, आणि महिनाअखेरीस अशा तिकिटांची संख्या नेमकी वाढलेली दिसे. यात कोणाची लबाडी होती असे मी म्हणणार नाही. ज्या आकड्यावरून माणसाचे काम जोखले जाते, तो आकडा सांभाळण्याकडे त्याचा कल असणारच. आम्ही तीन नियम लिहून काढले: घड्याळ पहिल्या फोनपासून सुरू होईल, प्रतीक्षेचे कारण लिहिल्याशिवाय ते थांबणार नाही, आणि त्याच कारणासाठी तिकीट पुन्हा उघडावे लागले तर ते पहिल्यापासून चालूच होते असे धरले जाईल. हे नियम लागू होताच आमचे आकडे बिघडले. ते अपेक्षितच होते आणि व्यवस्थापनाला त्याची कल्पना आधीच दिलेली होती, म्हणून पहिली आढावा बैठक निभावली.

सरासरीवरही मला फार विसंबायचे नव्हते. पासवर्ड बदलून देण्याची कामे काही मिनिटांत होतात आणि संख्येने पुष्कळ असतात. ती मिसळली की दोन दिवस रखडलेले तिकीटही सरासरीत दिसेनासे होते. म्हणून ती कामे वेगळी काढून, उरलेल्यांपैकी दहातल्या नऊ तक्रारी किती तासांत सुटतात हे आम्ही पाहू लागलो.

खरा प्रकार उघड झाला तो डिस्पॅचच्या, म्हणजे माल रवाना करणाऱ्या विभागाच्या, प्रिंटरमुळे. त्या विभागाची 'लेबल छापले जात नाही' ही तक्रार वारंवार येई, थोड्याच वेळात बंद होई आणि शेऱ्यात 'रिस्टार्ट केला' एवढेच असे. यादीत तिचा प्राधान्यक्रम सर्वांत खालचा होता, कारण बंद पडलेले यंत्र एकच आणि वापरणारी माणसे दोन. डिस्पॅचचे सुपरवायझर मला म्हणाले, "साहेब, तिकीट बंद झाल्याचा मेल येतो हो, पण तोवर गाडी गेटवरच उभी असते." पेट्यांना लेबल नाही म्हणून मालाचे चलान नाही, चलान नाही म्हणून ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी लागणारा ऑनलाइन परवाना) नाही आणि त्याशिवाय ट्रक हलत नाही, अशी ती साखळी होती. कारण शोधायला बसलो तेव्हा दिसले की वीज जाऊन आली की प्रिंटर नेटवर्कवर नवा पत्ता घेतो आणि सर्व्हर जुन्याच पत्त्यावर लेबले पाठवत राहतो. पत्ता कायमचा राखून ठेवला, शेजारी छोटा यूपीएस बसवला आणि ती तक्रार जवळजवळ थांबली. त्यानंतर प्राधान्यक्रम ठरवताना किती माणसांचे अडले याबरोबर कोणते काम अडले हेही विचारले जाऊ लागले.

एवढे झाल्यावर उद्दिष्टे ठरवणे त्या मानाने सोपे गेले. ईआरपी ९९.५ टक्के वेळ उपलब्ध असावे अशी मागणी होती. तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ३ तास ३६ मिनिटे बंद राहण्याची मुभा असा होतो आणि हे फळ्यावर मांडल्यावर उत्पादन विभागाच्या प्रमुखांनी लगेच विचारले, "हे साडेतीन तास पहिल्या पाळीच्या सुरुवातीलाच गेले तर?" प्रश्न रास्त होता. म्हणून पाळ्यांच्या वेळेतील बंद आणि आधी कळवून साप्ताहिक सुट्टीत घेतलेला बंद वेगळे मोजायचे ठरले, आणि पहिल्यासाठी उद्दिष्ट अधिक कडक ठेवले. बाकीची उद्दिष्टे मुद्दाम थोडी ठेवली. डॅशबोर्डवर वीस आकडे लावता येतात, पण एखादा घसरल्यावर काय करायचे हे माहीत नसेल तर तो तिथे असून उपयोग नाही, असे माझे मत आहे.

सुधारणांची एक नोंदवही आम्ही ठेवतो. सुचलेली प्रत्येक गोष्ट तीत जाते. तिच्यापुढे जबाबदार व्यक्ती, अपेक्षित फायदा आणि तो कोणत्या आकड्यात दिसेल हे लिहिले जाते, आणि दरमहा त्यातल्या दोन-तीनच हाती घेतल्या जातात. बदल केल्यावर तोच आकडा, त्याच नियमांनी पुन्हा मोजला जातो. काही सुधारणांनी आकडा हललाच नाही. त्या तशाच शेऱ्यासह वहीत आहेत.

सध्या वहीत सर्वांत वर सिन्नरची इंटरनेट जोडणी आहे. पुरवठादाराच्या मासिक अहवालात ती जवळपास अखंड चालू दिसते, कारण तो आपल्या बाजूच्या उपकरणापर्यंतच मोजतो. आमच्या माणसांना मात्र ईआरपीचा पडदा अडकलेला दिसतो. आता आम्ही सिन्नरच्या संगणकावरूनच दर मिनिटाला ईआरपीची तपासणी नोंदवत आहोत. कराराच्या नूतनीकरणापूर्वी निदान एका तिमाहीची ही नोंद हाताशी असावी, असा प्रयत्न आहे.