बंपरवर उभं राहून बघा

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आमच्याकडे सोळा फुटी आहे, आता दुसरं मूल झालंय, किती फुटी घेऊ?" आम्ही नवराबायको ओहायोत, डेटनच्या उत्तरेला, जुन्या एअरस्ट्रीम, म्हणजे मोटारीमागे ओढत न्यायच्या अॅल्युमिनियमच्या घरगाड्या, खोलून पुन्हा उभ्या करतो. २००६ पासून हेच काम. या प्रश्नाला माझं उत्तर आता एकच असतं: फूट नंतर मोजू, आधी तिच्या मागच्या बंपरवर उभं राहून बघा. हे उत्तर आम्हाला स्वस्तात मिळालेलं नाही. २०१३-१४ च्या हिवाळ्यात दुकानाला कुलूप लागायचंच बाकी होतं. ज्याच्यामुळे ती वेळ आली तो आजही खुशाल गाड्या विकतोय. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतो.

सुरुवात नानांपासून करायला हवी. माझे वडील दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये बॉडी सेक्शनला होते. लाल बसच्या सांगाड्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा चढवायचा, रिबीट मारायचे, हे त्यांचं आयुष्य. मी लहानपणी डबा घेऊन जायचो तेव्हा गेटपर्यंत रिबीट मारायच्या गनचा आवाज यायचा. पुढे मी मेकॅनिकल इंजिनीअर होऊन इथे पार्ट्सच्या कारखान्यात लागलो. २००५ च्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याच्या कोठाराआड एअरस्ट्रीमच्या कॅराव्हेल मॉडेलची १७ फुटी गाडी गवतात रुतलेली दिसली. जवळ जाऊन पत्र्यावरून हात फिरवला. ओळीने बसलेले गोल डोक्याचे रिबीट, पत्र्यावर पत्रा चढवलेला जोड, पाणी वाहून जावं म्हणून वरचा पत्रा बाहेरच्या अंगाला. ही तर एस.टी.च! पुण्याला फोन लावला तर नाना म्हणाले, "पत्रा सोड. खाली पोतं टाक, आडवा हो आणि खालून बघ." मी आडवा झालो. ती गाडी आमची पहिली.

एअरस्ट्रीमचा कारखाना १९५२ पासून ओहायोतल्याच जॅक्सन सेंटरला आहे, आमच्यापासून तासाभराच्या आत. तिथून निवृत्त झालेले एक कारागीर सुरुवातीची चार वर्षं आमचे भागीदार होते. पैसा त्यांनी घातला नाही, हात घातला. चेसिसवरून, म्हणजे खालच्या सांगाड्यावरून, बॉडी न पिळता कशी उचलायची, कोपऱ्यातली कमान कुठे बांधून घ्यायची, हे मला त्यांनी शिकवलं. आम्ही त्यांना काकाच म्हणायचो आणि त्यांनाही ते आवडायचं.

हत्यारांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे पाच बत्तीसांश इंची भरीव रिबीट वापरतात. बाहेरून एकाने गन धरायची, आतून दुसऱ्याने डॉली दाबायची. डॉली म्हणजे मुठीत मावेल असा पोलादी ठोकळा. मध्ये पत्रा, म्हणून एकमेकांचं तोंड दिसत नाही आणि गनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. आतून एक टकटक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे बसला. आमच्याकडे आत ही असायची. दिवसा हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी आणि संध्याकाळी डॉली, अशी तिने वर्षं काढली. ती डॉली नानांची आहे. २००९ मध्ये आले तेव्हा कपड्यांच्या घडीत गुंडाळून आणली होती, एक कडा त्यांच्या अंगठ्याच्या मापाने झिजलेली. विमानतळावर बॅग उघडायला लावली तर नानांनी हाताने ठोकून दाखवलं, आणि तपासणाऱ्याला समजलंही.

एका बाजूनेच बसणारे पोकळ पॉप रिबीट आणि सांधे बुजवायचं सिलिकॉन या दोन गोष्टी आमच्या शेडमध्ये येत नाहीत. आतला पत्रा काढणं शक्यच नसेल तिथे ऑलिंपिक नावाचा, बाहेरूनच बसणारा रिबीट मारून त्याचं डोकं शेव्हरने तासून गुळगुळीत करतो. पण सिलिकॉन नाही. एकदा लावलं की पुढे कुठलंही सीलंट त्या जागी धरत नाही, आणि पाणी वाट काढतं. जुनी गाडी बघायला गेलात आणि सांध्यांवर पांढरी चिकट रेघ दिसली तर तिथेच किंमत पाडून मागा, नाहीतर मागे फिरा.

आता आमचे मास्तर. शाळेत विज्ञान शिकवतात म्हणून आमच्या घरात ते मास्तर, त्यांची बायको बाई. २००८ मध्ये १९६२ ची १६ फुटी बँबी घेऊन आले. दोघंच होते, बँबी पुरेशी होती. २०१० मध्ये मुलगी झाली, तेव्हा त्यांना १९६६ ची २२ फुटी सफारी करून दिली. मंदीत लोक कामं पुढे ढकलत होते तेव्हा या माणसाने पूर्ण पैसे आगाऊ दिले. २०१३ च्या फेब्रुवारीत जुळे झाले आणि सफारी एका रात्रीत लहान पडली.

मी त्यांना १९७० ची २७ फुटी ओव्हरलँडर दाखवली. आमच्याच शेडमध्ये होती, पण जमीन पूर्ण काढलेली, नुसता चेसिस आणि वर टेकूच्या घोड्यांवर बॉडी. मी सात महिने मागितले. त्यांना जूनमध्ये यलोस्टोनला जायचं होतं. पलीकडच्या काउंटीत एक विक्रेता होता. तो जुन्या गाड्या घ्यायचा, आरशासारखं पॉलिश मारायचा, आत नवी गादी-पडदे करून महिन्याभरात विकायचा. त्याच्याकडे १९७४ ची ३१ फुटी सॉव्हरिन तयार होती. पाच माणसांना ३१ फूट ऐकूनच बरं वाटतं. मास्तरांनी ती घेतली. मला वाईट वाटलं. पण गिऱ्हाईक त्यांच्या पैशाचं मालक आहे.

मे महिन्यात ते ती गाडी घेऊन एक्सल बदलायला आमच्याकडेच आले. या गाड्यांच्या एक्सलमध्ये स्प्रिंग नसते, नळीत रबराचे दांडे असतात. चाक धरणारा हात मागे आणि खाली झुकलेला हवा. तो आडवा झालेला किंवा वर गेलेला दिसला तर रबर मेलं समजायचं. या गाडीच्या दोन्ही एक्सलचे हात वर गेले होते. मी सवयीने बंपरवर उभा राहिलो आणि ही बाजूला वाकून बघत होती. बंपर माझ्या वजनाने खाली गेला, बॉडी जागच्या जागी राहिली. मध्ये बोट जाईल एवढी फट पडली.

माहीतगारांना यातच सगळं समजतं, पण नव्याने गाडी घेणाऱ्यासाठी सांगतो. बॉडी आणि चेसिस यांच्यामध्ये प्लायवूडची जमीन असते आणि बोल्ट तिच्यातून जातात. मागच्या सांध्यातून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं, प्लायवूडचा भुसा होतो, बोल्ट हवेत राहतात. सत्तरच्या दशकातल्या लांब गाड्यांत संडास-बाथरूम आणि मैल्याची टाकी अगदी शेपटीला, म्हणजे सगळ्यात जास्त ओझं नेमकं सगळ्यात कुजक्या जागी.

मी मास्तरांना तिथेच सांगितलं. त्यांनी विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, या वयाच्या सगळ्याच गाड्या एवढ्या हलतात, हा माणूस काम काढतोय. मास्तरांचे पैसे गेलेले, रजा मंजूर झालेली. म्हणाले, "सध्या एक्सल तेवढे करा, परत आल्यावर बाकीचं बघू." मी एक्सल केले. आणि बिलावर लिहिलं, "दोन्ही एक्सल बदलले." एवढंच.

साउथ डकोटात, बॅडलँड्सच्या अलीकडे, मागचा चेसिस बॉडी सोडून चार इंच लटकला. टाकीचा पाइप रस्त्यावर घासून फुटला. मुलं पुढच्या गाडीत होती, कुणाला खरचटलं नाही. मास्तरांनी विक्रेत्याला विचारलं तेव्हा त्याने बिल मागून घेतलं आणि सांगितलं, नवे कडक एक्सल बसवले म्हणून गाडी हादरून तुटली. हेच तो पुढे एअरस्ट्रीमवाल्यांच्या प्रत्येक मेळाव्यात सांगत सुटला, आमच्या दुकानाचं नाव घेऊन.

हे धादांत उलटं आहे आणि आज अकरा वर्षांनीही लिहिताना माझा हात थरथरतो. मेलेलं रबर दगड होतं, प्रत्येक खड्डा सरळ चेसिसला बसतो. नवं एक्सल तो धक्का गिळतं. आमच्या एक्सलमुळे ती गाडी साउथ डकोटापर्यंत तरी पोचली. पण मेळाव्यात खुर्च्या टाकून बसलेल्या माणसांना हे कोण समजावणार? त्या पावसाळ्यानंतर, म्हणजे आपल्या हिशेबाने दसऱ्यापर्यंत, ठरलेली चार कामं रद्द झाली. एकाने तर अर्धवट खोललेली गाडी ट्रकवर घालून नेली.

मग हिवाळा. जानेवारी २०१४ मध्ये पोलर व्होर्टेक्सची लाट आली, पारा शून्याखाली वीसच्याही खाली. शेड गरम ठेवायला गॅसचे पैसे नव्हते आणि थंडीत सीलंट धरत नाही, म्हणजे हातातलं एकुलतं कामही बंद. कामाची व्हॅन विकली. घर हिच्या पगारावर चाललं. शेडचं भाडं दोन महिने थकलं. एका रात्री मी गन तेल लावून खोक्यात ठेवत होतो, विकायलाच. ही दारात उभी राहून म्हणाली, "अहो, गन विका, कंप्रेसर विका. डॉलीला हात लावायचा नाही." मी खोकं बंद केलं आणि कपाटात ठेवून दिलं.

नानांना फोनवर सगळं सांगितलं होतं. माझी बाजू ऐकून घेतल्यावर ते एवढंच म्हणाले, "मग बिलावर लिहून का नाही दिलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक बिलाला गाडीच्या जमिनीचा नकाशा जोडलेला असतो. कुठे जमीन कुजून टोच्या आत गेला ती जागा लाल पेन्सिलने भरलेली. काम करा वा न करा, नकाशावर तुमची सही घेतो. माझ्या व्यवसायातल्या तरुणांनी, निदान मराठी पोरांनी, एवढं तरी उचलावं.

मास्तर मार्चमध्ये आले. त्यांनी स्वतः सॉव्हरिनची मागची जमीन उचकटून काढली होती. प्रत्येक बोल्टचा जवळून फोटो, शेजारी शाळेतली फूटपट्टी. पुढच्या मेळाव्यात ते फोटो मोठे करून त्यांनी फळीवर लावले आणि वर्गात शिकवावं तसं पाऊण तास समजावून सांगितलं. बंपरवर उभं राहून मी फट दाखवली होती, हेही सांगितलं. तो विक्रेता मागे उभा होता. आजपर्यंत त्याने माझी माफी मागितलेली नाही. त्या संध्याकाळी तिघांनी आम्हाला तारखा मागितल्या.

ओव्हरलँडर मग आम्ही मास्तरांनाच केली. मधल्या दोन खाटा मुलांना, पुढचा सोफा उघडून नवराबायकोला. तिसऱ्या मुलासाठी मी खाटेच्या वर अॅल्युमिनियमच्या पाइपची झोळीवजा बंक केली, दिवसा भिंतीला लागून वर जाते. १९७० च्या गाडीत आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची टाकीच नसते, ती चेसिसच्या पट्ट्यांमध्ये बसवली. २७ फूट पाच जणांना पुरले. ३१ ची गरज नव्हती.

ओढणाऱ्या गाडीचाही विचार आधीच करा. लोक ओढण्याची ताकद बघतात, पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पेलोडचं, म्हणजे त्या गाडीने स्वतः किती ओझं उचलायचं त्याचं, लेबल कुणी वाचत नाही. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या जागेवर, येतो आणि तो पेलोडमध्येच मोजायचा. सहा हजार पौंडांची गाडी असली तर सहाशे ते नऊशे पौंड तिथेच गेले. वर पाच माणसं, सायकली, कुत्रा. ट्रेलरच्या टाकीतलं चाळीस गॅलन पाणी म्हणजे सव्वातीनशे पौंडांच्या वर. पोरं वाढतात, त्यांची वजनं वाढतात, आकडा तोच राहतो.

आपल्या घरांसाठी आणखी एक. कुटुंब नुसतं खालून वाढत नाही, वरूनही वाढतं. आईवडील सहा महिन्यांसाठी येतात. त्यांना बंकवर चढवणार का? एक खाट गुडघ्याच्या उंचीची आणि संडासाजवळची ठेवा. फोडणी करणार असाल तर शेगडीवर बाहेर फेकणारा पंखा लावून घ्या. कुकरच्या दोन शिट्ट्यांत आतला पत्रा घामेजतो, ते पाणी खिडकीखालून जमिनीत उतरतं आणि पुन्हा तीच कूज सुरू होते.

२०१५ पासून कामाला खळ नाही. २०२० मध्ये तर फोन खाली ठेवता येत नव्हता. नाना २०१९ मध्ये गेले.

ती सॉव्हरिन मास्तरांनी आमच्याच आवारात सोडली होती, दहा वर्षं ताडपत्रीखाली होती. ही म्हणायची भंगारात द्या, माझं मन होत नव्हतं. गेल्या नोव्हेंबरात बॉडी उचलली, चेसिसची शेपूट कापून नवी जोडली, बोल्टांखाली आता पाण्यात टिकणारं मरीन प्लाय आहे. मास्तरांची थोरली शनिवारी मदतीला येते. हिची खांदेदुखी वाढल्यापासून आत तीच बसते, नानांची डॉली घेऊन. काल मागच्या सांध्याची शेवटची ओळ होती. बाहेरून मी गन लावली, आतून एक टकटक आली. अजून मारला. मग दोन आल्या.