ऑफिस जमतं, साक्षगंध नाही

काल मावसभावाचं साक्षगंध होतं, मी गेली नाही. मावशीचा फोन, "काहून वं नाही आली? ऑफिसला तर रोज जाते ना?" आईने माझ्याआधीच सांगून टाकलं होतं की ताप आहे. ताप चालतो आपल्याकडे. मला डिप्रेशन आहे म्हटलं की लगेच पागलखाना चौकाचे जोक सुरू, नागपूरच्या मनोरुग्णालयाजवळचा चौक तो, ते मनोरुग्णालय 1864 चं आहे पण चौकाचं हे नाव काही लोकांच्या तोंडून जात नाही.

पण मावशीचा प्रश्न बरोबर आहे ना. मला पण आधी वाटायचं, आपण नाटकं तर नाही करून राह्यलो? ऑफिसमध्ये काय बोलायचं ते ठरलेलं असतं, बिल आलं का, फाईल गेली का, संपलं. तिथे हॉलमध्ये शंभर लोकं, प्रत्येकाला हसून दाखवायचं, बारीक झाली, जाड झाली, पुढे काय विचार आहे, अन् घरी आल्यावर आपण काय बोललो ते रात्रभर डोक्यात रिवाइंड.

डॉक्टरांनी मागे सांगितलं, 2016 च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार पण आहे, त्याच्या सर्टिफिकेटसाठी आयडियाज नावाची स्केल वापरतात. त्या स्केलमध्ये चार गोष्टी बघतात, स्वतःची काळजी, लोकांशी संबंध, बोलणं-समजणं अन् काम, प्रत्येकाला 0 ते 4 मार्क, जास्त मार्क म्हणजे जास्त त्रास, वरून आजार किती वर्षांचा तेही धरतात. मला सर्टिफिकेट नकोय, पण चार वेगळे रकाने आहेत हे ऐकूनच बरं वाटलं. घरचे मात्र पगार येतोय बघून चारही विषयात पास करून टाकतात.

अन् नाही गेलं की इतकं हलकं वाटतं ना की पुढच्या वेळी जाणं अजून कठीण. मग लोकं बोलावणंच सोडतात. मैत्रिणी रविवारी तर्री पोहे खायला जातात, मला आता विचारत पण नाहीत, किती वेळा विचारतील बिचाऱ्या. डॉक्टर म्हणतात पूर्ण कार्यक्रम नको, अर्धा तास जा, ओळखीच्या एकाजवळ बसा अन् निघा.

रविवारी आत्याकडे जेवण आहे. तिला खरं काय ते सांगून टाकलं, अर्धाच तास थांबीन म्हटलं. ती म्हणे ये ना, सांभारवडी करते, नाही जमलं तर डब्बा पाठवते. आत्याला माहीत आहे हे आईला अजून सांगायचंय, चिडणार ती.